पॅरिसमार्गे सदर बाजार

पॅरिसला जाऊन आलेला माणूस शेजारी असला तर घर बदलता येतं; साडू असला तर इलाज नसतो. आमचे साडू कंपनीच्या कामासाठी पॅरिसला गेले, आठवडाभर राहिले आणि त्यातल्या एका संध्याकाळी तिथल्या एका जुन्या, परंपरा जपणाऱ्या रेस्तराँत जेवले. जेवण तीन तास चाललं. त्याचं वर्णन अजून चालू आहे. बारसं असो, बारावं असो, सोसायटीची वार्षिक सभा असो, "पॅरिसला कसं असतं माहितीये का?" एवढं कानावर आलं की आम्ही नातेवाईक मंडळी चपला शोधायला लागतो.

वर्णनाचा सारांश असा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मागायचं नाही. पाव येतो, पण तो ताटलीत नाही, थेट टेबलावरच्या कापडावर ठेवायचा. कॉफी गोडाबरोबर मागायची नाही, गोड संपल्यावर मागायची. मांस 'जरा नीट शिजवून आणा' म्हटलं तर वेटरच्या चेहऱ्यावर घरात गमी झाल्याची कळा येते. आणि न मागता बिल पुढे करणं म्हणजे पाहुण्याला 'निघा' म्हणणं. म्हणून मागितल्याखेरीज बिल येत नाही. हे शेवटचं साडूंना कुणी आधी सांगितलं नव्हतं. तीन तासांतला शेवटचा तास ते बिलाची वाट पाहत होते आणि वेटर त्यांच्या उठण्याची. हा तास साडू 'वातावरण अनुभवलं' या खात्यावर टाकतात.

"फ्रेंच जेवण युनेस्कोनं २०१० साली वारसा यादीत घेतलंय," ते सांगतात. "आधी भूक चाळवायला पेय. मग सुरुवातीचा पदार्थ. मग मासे नाहीतर मांस, बरोबर भाज्या. मग चीज. मग गोड. मग पाचक पेय. इकडचं तिकडे चालत नाही." यातलं काहीही खोटं नाही. खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं.

तिथल्या 'तूर दार्जां' या नामांकित रेस्तराँची गोष्ट तर ते स्वतः बदक असल्यासारखी तन्मयतेनं सांगतात. तिथे १८९० पासून रांधलेल्या प्रत्येक बदकाला अनुक्रमांक देतात आणि खाणाऱ्याला त्या नंबरचं कार्ड मिळतं. २००३ साली हा आकडा दहा लाखांवर गेला. साडू स्वतः तिथे जेवले नाहीत. जेवले असते तर डोंबिवलीच्या फ्लॅटचा हप्ता थकला असता. पण बदकांची खानेसुमारी त्यांना तोंडपाठ आहे.

अशा माणसाबरोबर मला रायपूरला जायचं होतं. आमच्या दोघांच्याही बायकांचे सख्खे मामा रायपूरच्या सदर बाजारात राहतात. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन ऐन मे महिन्यात निघालं. आयुष्यात हजार चंद्र पाहिलेल्या माणसाच्या सत्काराला जाताना रायपूरचा सूर्य काय करील, याचा विचार कुणी केला नव्हता.

गाडी गीतांजली एक्स्प्रेस. ती १९७७ च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा मधु दंडवते रेल्वेमंत्री होते आणि त्यांनी ती मुद्दाम वर्गविरहित ठेवली होती. सगळे प्रवासी एकाच पायरीवर. पुढे गाडीला वर्ग फुटले. आमच्या कुटुंबात ते आधीपासूनच होते. साडू टू-टियरमध्ये, आम्ही थ्री-टियरमध्ये. मात्र भुसावळ गेल्यावर आमच्या बायकोनं दशम्यांचा डबा उघडला आणि साडू वर्गभेद विसरून आमच्या डब्यात आले. त्यांनी आधी शेंगदाण्याची चटणी 'सुरुवातीचा पदार्थ' म्हणून खाल्ली, मग दशम्या मुख्य पदार्थ म्हणून, आणि गूळ अखेरीस. चीज नसल्याची खंत त्यांनी आमच्या ताकावर भागवली. संध्याकाळी नागपूर झालं, रात्री गोंदिया. तिथून पुढे फलाटांवरची मराठी संपते, डोंगरगडची टेकडी अंधारात मागे पडते, आणि दुर्गनंतर डबाभर लोक बॅगा ओढायला लागतात. रायपूरला उतरलो तेव्हा मध्यरात्र होत आली होती आणि हवा मात्र दुपारची होती.

सदर बाजार त्या वेळी शटरं ओढून झोपला होता. ही रायपूरची सराफ आळी. कोतवाली चौकाकडून आत शिरलं की दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकानं, वर माड्या, माड्यांवर जुनी घरं. रस्ता दिवसा इतका भरलेला असतो की खुद्द गाईसुद्धा कडेकडेनं जातात. पुढे सत्ती बाजार आणि त्याच्याही पुढे तात्यापारा चौक. परमुलखात 'तात्या' असं रस्त्यावर लिहिलेलं दिसलं की मराठी माणसाच्या बॅगेचं वजन निम्मं होतं.

मामा दाराशीच उभे होते. हातात टॉर्च. पायाशी लोखंडी वजनकाटा.

"या जावईबापू. बूट काढा अन् ह्याच्यावर उभे राहा."

मामा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण निवृत्ती खात्यानं घेतली, मामांनी नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक जावयाचं येताना आणि जाताना वजन होतं आणि ते वहीत लिहिलं जातं. जाताना काटा पुढे सरकला नसेल तर मामी आठवडाभर मामांशी बोलत नाहीत. साडूंचं वजन झालं. मग माझं. मग पाणी.

"आमच्या घराण्याचा इथला मुक्काम जुना आहे," मामांनी गूळ पुढे करत सांगितलं. "भोसल्यांचं राज्य होतं न इथे. बिंबाजी भोसले १७५८ ला रतनपूरला येऊन बसले. आम्ही त्यांच्या नंतर आलो, पण जागा पटली म्हणून राहिलो." मामांनी ही गल्ली न सोडता राज्यं मात्र भरपूर पाहिली. जन्मले तेव्हा रायपूर मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं आणि राजधानी नागपूर. १९५६ ला नागपूर महाराष्ट्राच्या वाटेला लागलं आणि मामा भोपाळकडे गेले, म्हणजे बसल्या जागी. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड झालं आणि राजधानी चालत त्यांच्या घराशी आली. "माणसानं फार धावपळ करू नये," हे त्यांचं यावरचं भाष्य.

सकाळी सात वाजता मामींनी साडूंच्या पुढे काशाचा कटोरा ठेवला. त्यात पाणी, पाण्यात भात, बाजूला कांदा, हिरवी मिरची आणि मीठ.

"हे काय?"

"बासी," मामी म्हणाल्या. "रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा. सकाळी खायचा. दिवसाच भिजवलेला असला तर बोरे. ऊन लागत नाही."

छत्तीसगडात शेतावर जाणाऱ्या माणसाचा दिवस या कटोऱ्यानं सुरू होतो. २०२२ साली तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांनी १ मे रोजी, कामगार दिनाला, सगळ्यांनी बोरे-बासी खावी असं आवाहन केलं, आणि त्या दिवशी मोठमोठ्या साहेबांनी कांदा हातानं फोडतानाचे फोटो काढून घेतले. साडूंनी कटोऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे हे भूक चाळवणारं पेय!"

"भूक चाळवणारं नाही, भूक मारणारं," मामा म्हणाले. "दुपारपर्यंत काही मागू नये म्हणून. प्या मुकाट्यानं."

साडूंनी बासी प्यायली. दुपारपर्यंत त्यांनी खरोखर काही मागितलं नाही. त्यांनी पॅरिसविषयी बोलणंही जवळजवळ थांबवलं, हे बासीचे औषधी गुण मी कुठल्याही ग्रंथात वाचलेले नाहीत.

अकराच्या सुमाराला मामा आम्हाला बाजारात घेऊन निघाले. निरीक्षक असताना ते रस्त्यानं चालले की दुकानदार आपोआप वजनं पुसायला घेत म्हणे. अजूनही दोन-तीन वयस्कर सराफ त्यांना पाहून नकळत तराजूकडे हात नेताना मी पाहिले. एका दुकानात पांढऱ्या गादीवर आम्ही बसलो. समोर खेड्यातून आलेल्या तीन बायका. थोरलीला सुता हवा होता, म्हणजे गळ्यातलं चांदीचं कडं. मधलीला पुतरी, म्हणजे नाण्यांची माळ. आणि धाकटी सुनेला करधन घ्यायचं की ऐंठी यावर दोघींशी वाद घालत होती. सराफानं सुता काचेच्या पेटीतल्या काट्यावर ठेवला. पेटी कशाला, तर पंख्याच्या वाऱ्यानंही काटा हलतो. आकडा स्थिर झाला. थोरलीनं आकडा पाहिलाच नाही. तिनं सुता उचलून हातावर झेलला, दोनदा वरखाली केला आणि म्हणाली तो भाव नाही, तर "अउ एक घाँव तउल." पुन्हा एकदा तोल.

सराफ न बोलता पुन्हा तोलू लागला. मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हे पाहा," ते साडूंना म्हणाले, "तिला इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत. पण तोळा तळहाताला कळतो. खरा तोळा किती माहीत आहे? ११.६६ ग्रॅम. आता बाजार दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. त्याच्याही आधी गुंज. शहाण्णव गुंजांचा तोळा. तुम्ही पॅरिसला होते न? मग सेव्रला गेले असाल."

"सेव्र?"

"सेव्र. पॅरिसच्या शेजारी. किलोग्रॅम तिथे ठेवला आहे."

साडू प्रथमच पॅरिसच्या संदर्भात निरुत्तर झाले. मामांनी मग भर दुकानात, गादीवर मांडी घालून, त्यांना पॅरिस सांगितलं. नव्वद टक्के प्लॅटिनम आणि दहा टक्के इरिडियमचा एक लहानसा दंडगोल. उंची एकोणचाळीस मिलिमीटर, व्यासही तेवढाच. १८८९ पासून जगातला किलो म्हणजे तो. काचेच्या घुमटांखाली ठेवलेला. ज्या तिजोरीत तो असतो तिच्या तीन चाव्या तीन वेगवेगळ्या माणसांकडे, तिघं एकत्र आल्याशिवाय उघडत नाही. त्याच्या नमुन्यांपैकी ५७ क्रमांकाचा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत. भारतात मेट्रिक वजनं १९५८ पासून आली; शेर, छटाक, मण गेले. दिल्लीच्या नमुन्यावरून पुढची वजनं, त्यांच्यावरून राज्याची, राज्यावरून जिल्ह्याची, आणि जिल्ह्याच्या वजनाशी ताडून मामा सदर बाजारच्या वजनांवर दरवेळी मोहर मारत.

"म्हणजे ह्या बाईचा सुता," मामा म्हणाले, "शेवटी पॅरिसच्या भरवशावर तोलला जात होता. अन् तुम्ही तिथे जाऊन बदकं मोजून आले."

गल्ल्यावरचा मुनीम हसला. साडू हसले नाहीत. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि 'सेव्र' शोधू लागले. तेवढ्यात मामांनी स्वतःच दुःखाची बातमी दिली: २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या त्या दंडगोलावर अवलंबून नाही, ती आता निसर्गातल्या एका स्थिरांकावरून ठरते. शंभर वर्षांत त्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या वजनात मायक्रोग्रॅमचे फरक पडलेले आढळले होते. "प्रामाणिक होता बिचारा," मामा म्हणाले. "पण एकटा पडला."

संध्याकाळचं जेवण बाहेर ठरलं. "तुम्ही म्हणता तसं पारंपरिक हॉटेल इथेही आहे," मामांनी साडूंना सांगितलं. "गढकलेवा. चला." आम्ही कोतवालीवरून मालवीय रोडला लागलो आणि जयस्तंभ चौकात आलो. सोनाखानचे वीर नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात फाशी दिली, ते याच जागी असं इथे सांगतात. दुष्काळात एका व्यापाऱ्याचं कोठार फोडून त्यांनी धान्य लोकांना वाटलं होतं, हा त्यांचा पहिला गुन्हा. मामांनी चौकात क्षणभर थांबून हात जोडले. "माप झुगारून दिलं तर असं द्यावं," एवढंच म्हणाले आणि रिक्षावाल्याला पुढे जायची खूण केली.

गढकलेवा महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात आहे. संग्रहालय १८७५ चं, राजनांदगावच्या राजाच्या देणगीतून उभं राहिलेलं. आजच्या इमारतीचं उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी केलं. गढकलेवा त्या मानानं लहान, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालं. गावाकडच्या अंगणाची सजावट, रंगवलेल्या भिंती, आणि चुलीपासून गल्ल्यापर्यंत महिला बचत गटाच्या बायका. पदार्थांची यादी वाचून साडूंना पॅरिस परत सापडलं.

"चीला सुरुवातीला," त्यांनी फर्मावलं. "मग फरा. मग थांबायचं. मग चौसेला आणि भाजी. मग थांबायचं. मग देहरौरी. एकेक करून, हं?"

खिडकीमागच्या बाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "फरा चुरत हवय. थोकिन अगोर लेवव." फरा शिजतोय, जरा थांबा.

"थांबतोच की. म्हणून तर एकेक मागतोय."

पाच मिनिटांनी सगळं एकदम आलं. चीला, फरा, बफौरी, चौसेला, लाल भाजी, डुबकी कढी, देहरौरी, आणि मधोमध पताल चटणी, म्हणजे टोमॅटोची, कोथिंबीर-मिरची घालून वाटलेली. साडूंनी मान हलवली. "क्रमच नाही. पॅरिसला असं झालं असतं तर..."

इथे मला माझं वाचन वापरायची आयती संधी मिळाली. पॅरिसला शेकडो वर्षं असंच होत होतं. फ्रेंच सरदारांच्या मेजवानीत एका फेरीचे सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडायचे आणि पाहुण्यांनी हाताशी येईल ते घ्यायचं, यालाच जगभर फ्रेंच पद्धत म्हणत. एकामागून एक पदार्थ वाढण्याची रीत ही रशियन. ती १९व्या शतकात रशियाहून पॅरिसला गेली आणि तिथे स्थिरावली. म्हणजे साडूंनी पॅरिसमध्ये रशियन थाटात जेवण केलं होतं आणि अस्सल जुना फ्रेंच थाट त्यांना रायपूरच्या बचत गटानं दाखवला. मी हे सगळं सांगितलं. साडू म्हणाले, "हे तुम्ही कुठे वाचलंत?" माझा विजय इतका स्पष्ट होता की मी उत्तर दिलं नाही.

आता फऱ्याविषयी. तांदळाचं पीठ आणि शिजलेला भात एकत्र मळायचा. त्याचा लिंबाएवढा गोळा घेऊन दोन तळव्यांमध्ये फिरवायचा, म्हणजे मधे जाड आणि टोकांना निमुळती अशी बोटभर वळी होते. त्या वाफवायच्या. मग तेलात तीळ, हिरवी मिरची, कढीपत्ता तडतडला की त्यात परतायच्या. वाफेनं आतून मऊ, फोडणीनं बाहेरून किंचित कुरकुरीत. मी खिडकीशी जाऊन वळताना पाहत होतो. बाईंचं लक्ष पिठावर नव्हतंच, शेजारणीशी बोलणं चाललं होतं, आणि परातीत पडणारी प्रत्येक वळी आधीच्या वळीएवढीच. मामाही माझ्यामागे येऊन उभे राहिले. त्यांनी परातीतल्या दोन वळ्या उचलल्या, दोन्ही तळहातांवर तोलल्या आणि परत ठेवल्या. मग मान डोलावली. खात्यात असते तर मोहर मारली असती.

डुबकी कढी नागपूरकडच्या मराठी माणसाला लगेच ओळखू येते; आपल्या गोळ्यांच्या कढीची ती सख्खी बहीण, कच्चे गोळेच उकळत्या कढीत सोडायचे. चौसेला म्हणजे तांदळाच्या पिठाची पुरी. देहरौरी म्हणजे दह्यात आंबवलेल्या तांदळाचे तळलेले, पाकात मुरवलेले पेढे. गोड सोडून बाकी काय तर तांदूळ, आणि गोडातही तांदूळच. साडूंनी तक्रार केली तसे मामा उभे राहिले.

"तांदूळ कोणता ते विचारा न! रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात तांदळाचे तेवीस हजारांच्या वर नमुने जपून ठेवले आहेत. डॉक्टर रिछारिया गावोगाव हिंडले ते गोळा करायला. जीराफूलला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं, नगरीच्या दुबराजला २०२३ ला. विष्णुभोग, जवाफूल, बादशाहभोग... तुमच्या फ्रान्समध्ये चीज जितक्या प्रकारचं असेल त्याच्यापेक्षा आमच्याकडे भात जास्त आहे."

साडूंनी शेवटचा हुकमी पत्ता काढला. "मामा, तिथे मी गोगलगाय खाल्ली. लोणी-लसणीत." पॅरिसच्या वर्णनात हा नेहमी टाळ्यांचा भाग असतो. इथे बायका किंचाळतात, मुलं 'ईऽऽ' करतात, आणि साडू धीरोदात्त हसतात.

मामींनी फऱ्याचा घास गिळला. "घोंघी?" त्या म्हणाल्या. "ती तर इथे खेड्यात तळ्यातून काढून खातात. आपल्या कामवाल्या बाईच्या घरी पावसाळ्यात होते. आपल्यात चालत नाही म्हणून मी करत नाही." आणि मग काळजीनं, "तुम्हाला आवडते काय जावईबापू? तिला सांगू आणायला?"

साडू पुढे बराच वेळ चटणी खात राहिले.

तिथून निघताना मी एक गोष्ट पाहिली. खिडकीमागच्या बाईंनी आमच्याकडचे पैसे घेतले, मोजले, गल्ल्यात टाकले. पण त्याआधी त्यांची नजर आमच्या ताटांवरून एकदा फिरली. साडूंच्या ताटात एक बफौरी उरली होती. त्या म्हणाल्या, "ए ला कोन खाही?" हे कोण खाणार? साडूंनी उभ्या उभ्या ती बफौरी तोंडात टाकली. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "हॉटेल पारंपरिक आहे की नाही हे कशावरून ओळखायचं, सांगतो. वाढणाऱ्याची नजर गल्ल्यावर आहे की ताटावर, एवढंच पाहायचं. गल्ल्यावर असली तर तिथे गिऱ्हाईक शहाणं. ताटावर असली तर वाढणारा शहाणा, अन् गिऱ्हाइकानं गप्प बसायचं." पॅरिसचा तो वेटर, जो साडूंना गोडाबरोबर कॉफी देईना, तो मला त्या क्षणी पहिल्यांदा आवडला. तोही कुणाच्या तरी मोहरेखालचं माप सांभाळत होता.

दुसऱ्या दिवशी सहस्रचंद्रदर्शनाची पंगत बसली. मामांना ओवाळलं, दिव्यांनी गच्ची उजळली, आणि माजघरात पाटपाणी झालं. वरणभात, मसालेभात, अळूचं फदफदं, जिलबी. शिवाय मामींच्या सुनांनी केलेली बिजौरी आणि अईरसे, जे आपल्या अनारशांचे या बाजूचे भाऊबंद. वाढपी कमी पडले म्हणून साडूंना हाती चटणीची वाटी दिली. पॅरिसच्या तालमीत तयार झालेला माणूस. त्यांनी ऐटीत कंबर वाकवून पहिल्या पानावर चटणी वाढली. उजवीकडे.

माजघर थबकलं.

"डावीकडे!" मामी स्वयंपाकघरातून ओरडल्या. त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. वाढण्याच्या आवाजावरून कळलं असावं. "मीठ मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे! आईनं काही शिकवलं नाही काय?"

साडूंनी चटणी उचलून डावीकडे नेली. पुढच्या पंक्तीत त्यांनी एका पाहुण्याला जिलबीआधी मसालेभात संपवायला लावला, आणि तो पाहुणा मुकाट्यानं संपवतोय हे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते पॅरिसच्या वर्णनातही कधी आलं नव्हतं. तिसऱ्या पंक्तीला ते स्वतः जेवायला बसले आणि उठायला मागू लागले तेव्हा कळलं की इथे बिल येण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे सुटकाही नाही. पानावर आडवा हात धरला तर मामी हाताच्या बाजूनं वाढत. हात उभा केला तर बोटांच्या फटींतून. शेवटी मामांनीच "पुरे, काटा तुटेल" असा निकाल दिला.

निघताना वजनं झाली. साडूंच्या नोंदीपुढे मामांनी समाधानाची रेघ ओढली. माझ्या नोंदीपुढे नुसतं प्रश्नचिन्ह, आणि मामींनी ते पाहून अईरशांचा एक डबा माझ्या हातात कोंबला. साडू हेलावले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "मामा, पुढच्या वर्षी तुम्हाला पॅरिसला नेतो. सेव्रला जाऊ, तुमचा किलो बघू."

"तो दाखवत नाहीत कुणाला," मामा म्हणाले. "तीन चाव्या आहेत."

"मग त्या रेस्तराँत जेवू. जिथे मी जेवलो तिथे."

मामांनी विचार केला. काट्याची तबकडी रुमालानं पुसली.

"तुम्ही बसा जेवायला," ते म्हणाले. "मी आत स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्या काट्यावरची मोहर कधीची आहे ते पाहून येतो."